चार गुणिले पन्नास

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला मधोमध एक चौकोनी भोक होतं. गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलानं त्यावरचं प्लास्टिकचं झाकण बोटानं वाजवून 'सर, ही म्युझिक सिस्टिमची जागा' असं मोठ्या अदबीनं सांगितलं होतं. बेस मॉडेल घेणाऱ्याला कंपनी जागा देते. सिस्टिम ज्याची त्यानं बघायची. ते झाकण पहिल्याच पावसाळ्यात कुठंतरी नाहीसं झालं आणि त्या भोकात आमच्या संसाराचा जादा माल हळूहळू राहायला आला. टोलच्या पावत्या, पार्किंगवाल्याला द्यायचे सुट्टे, हिच्या ॲसिडिटीच्या गोळ्या, आलेपाकाची अर्धी वडी, एक लग्नपत्रिका (त्या जोडप्याचा मुलगा आता शाळेत जातो) आणि आमच्या चिरंजीवांनी बालवाडीत असताना आत ढकललेला एक प्लास्टिकचा डायनासोर, जो त्यानंतर कुणालाच दिसला नाही, पण गाडी डावीकडे वळली की आत कुठंतरी खुळखुळायचा.

त्या भोकापायी इतकी वर्षं माझं काही अडलं नव्हतं. पण गाडीत गाणं नसलं की गाडीत बोलणं होतं, आणि आमच्या गाडीत बोलायला विषय एकच : माझं ड्रायव्हिंग. स्वारगेट सोडल्यापासून 'अहो, ट्रक', 'अहो, स्पीडब्रेकर', 'अहो, तो हात दाखवतोय', 'अहो, तुम्ही का नाही दाखवला' असा अखंड कार्यक्रम चालू होतो, मागच्या सीटवरून चिरंजीव 'बाबा, थर्ड टाका' अशी भर घालतात, आणि खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी गाडी चालवतोय की लायसन्सची परीक्षा देतोय हे माझं मलाच कळेनासं होतं. शेवटी ठरवलं, स्टिरिओ बसवायचा. परवडणारा.

तुम्ही घरचे म्हणून सांगतो, मला त्या स्टिरिओवर फक्त रेडिओ ऐकायचा होता. रेडिओही सगळा नाही. आकाशवाणी पुणे, विविध भारती, १०१ मेगाहर्ट्झ, एवढंच. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, म्हणजे ती वयानं माझ्याहून मोठी, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ती पहिल्यापासून आहेच. सकाळी तिच्यावर कुठला कार्यक्रम चाललाय यावरून आमच्याकडे दूध तापवायची, आंघोळीची आणि बस चुकल्याची वेळ कळते. तीच गाडीत हवी, इतकी साधी इच्छा.

पण ही इच्छा बोलणार कुणाकडे? हल्लीच्या काळात चारचौघांत 'मला स्टिरिओवर रेडिओ ऐकायचाय' म्हणणं म्हणजे हॉटेलात जाऊन पाणी मागवण्यातला प्रकार. म्हणून मी ज्याला त्याला 'जरा बरीशी सिस्टिम बघतोय' असं मोघम सांगत सुटलो, आणि मोघम बोलणाऱ्याला सल्ला देणाऱ्यांचा या शहरात कधीच तुटवडा नसतो.

पहिला आला हिंजवडीतला भाचा. "मामा, सिंगल डिन की डबल डिन?" मी क्षणाचाही विचार न करता 'सिंगल' म्हणालो, कारण कुठल्याही क्षेत्रात सिंगल स्वस्त असणार एवढं मला कळतं. मग त्यानं सांगितलं, की हे जर्मनीच्या मानकसंस्थेनं ठरवून दिलेलं माप आहे. सिंगल म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, डबल म्हणजे रुंदी तीच, उंची १००. जगातल्या बहुतेक कंपन्यांचे सुटे स्टिरिओ याच मापांत येतात. मी चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन खाली गेलो, पावत्या आणि गोळ्या बाजूला सारून भोक मोजलं, आणि ते बरोब्बर १८० बाय ५० भरलं. आयुष्यात जर्मनांशी माझं कशात तरी जमलं.

भाच्याच्या मते मात्र आता सिंगल डिन कुणी घेत नाही, अँड्रॉइड घेतात. नऊ इंची पडदा, दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी स्टोअरेज, मॅप, रिव्हर्स कॅमेरा, आणि वाटलं तर पिक्चर.

"गाडी चालवताना पिक्चर?" मी विचारलं.

"तसा लागत नाही, मामा. हँडब्रेकची एक वायर असते, हँडब्रेक ओढलेला असेल तरच पडद्यावर व्हिडिओ दिसतो. पण ती वायर लोक बॉडीला अर्थ करून टाकतात. मग सिस्टिमला वाटतं, हँडब्रेक कायम ओढलेलाच आहे."

मी गाडी चालवत असताना आमच्या गाडीला तसंही तेच वाटतं. त्यासाठी वेगळ्या वायरची गरज नव्हती. मी अँड्रॉइडवर काट मारली.

नाना पेठेत गाड्यांच्या सामानाचा बाजार आहे. तिथल्या एका दुकानात छातीचा कोट करून शिरलो. समोरची सगळी भिंत स्टिरिओंनी भरलेली, खाली बटणांची पाटी, आणि दुकानदार एकेक बटण दाबून एकच गाणं वेगवेगळ्या स्टिरिओंवर ऐकवत होता. ते गाणं ढोलाच्या ठोक्यानं सुरू व्हायचं, ठोक्यातच संपायचं, आणि मधे शब्द असले तरी माझ्यापर्यंत आले नाहीत.

"पंच बघा साहेब," तो म्हणायचा.

मी पंच बघितला. म्हणजे मान हलवली. पुढच्या बटणावर पुन्हा "आता हा पंच बघा." मला दोन्ही पंच सारखेच लागले. पण गिऱ्हाइकानं काहीतरी मत द्यायची पद्धत असते म्हणून मी "याचा ट्रेबल जरा जास्त आहे" असं बोलून गेलो. दुकानदारानं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि त्याहून महागडा स्टिरिओ काढला.

प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ४ × ५० वॅट. मी पेशानं लेखापाल. गुणाकार दिसला की तो करून बघितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. चार गुणिले पन्नास, दोनशे. मग मी स्टिरिओ उलटा केला. मागच्या बाजूला एक इवलासा फ्यूज होता आणि त्यावर आकडा होता १०. दहा अँपिअर. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांत फार तर साडेचौदा व्होल्ट. दहा गुणिले साडेचौदा, एकशे पंचेचाळीस. म्हणजे या डब्यात जास्तीत जास्त एकशे पंचेचाळीस वॅट जमा होणार, आणि खर्ची दोनशे पडणार. असा ताळेबंद आमच्या टेबलावर आला असता तर मी लाल शाईनं परत पाठवला असता.

हे मी दुकानदाराला सविस्तर सांगितलं. तो थांबला. गाणंही थांबलं.

"साहेब, ते पन्नास म्हणजे एका ठोक्यापुरते. सलग म्हणाल तर वीस-बावीस. आरएमएस म्हणतात त्याला. आतल्या कागदावर बारीक अक्षरात असतं."

"मग खोक्यावर पन्नास कशाला?"

"शेजारच्या खोक्यावर पण पन्नासच आहे ना, म्हणून."

हे उत्तर इतकं प्रामाणिक होतं, की माझ्याकडे प्रतिप्रश्न उरला नाही. त्याच्याकडे मात्र होता. "साहेब, तुम्हाला गाणी ऐकायचीत की ऑडिट करायचंय?"

त्या क्षणी मला 'विविध भारती' म्हणता आलं असतं. मी "बेस कसा आहे?" असं विचारलं.

मग त्यानं अंदाजपत्रक मांडलं. स्टिरिओ घेतला की गाडीत आवाज येतो, अशी माझी भाबडी समजूत होती. स्टिरिओला स्वतःचा आवाज नसतो. तो स्पीकरला असतो, आणि बेस मॉडेलच्या दारांतही नुसती जागाच असते. सेट २,८००. पुढच्या दारांतले स्पीकर १,६००. मागचे ओव्हल, सहा बाय नऊ इंची, २,४००. ते ठेवायला पार्सल ट्रे ९००. वायरिंग ४००. कपलर २५०. फ्रेम ३५०. फिटिंग ६००. मी मनातल्या मनात बेरीज केली, ९,३००. माझं मनातलं बजेट होतं ३,०००, आणि तेही घासाघीस करून खाली आणायच्या हिशेबानं.

"यात परवडणारं काय आहे?" मी विचारलं.

त्यानं विचार करून सांगितलं, "कपलर."

मी फक्त स्पीकर घेतले, पुढचेही आणि मागचेही, कारण आता दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडायची सोय राहिली नव्हती. सेट मात्र दुसरीकडून आणायचा असं ठरवलं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा असा माल मिळतो, की तिथून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस आपण दुकानदाराला फसवलं या आनंदात घरी जातो. मीही गेलो. एक हजार नऊशे रुपयांत सेट, ब्लूटूथ, यूएसबी आणि रिमोटसकट. खोक्यावर अमेरिकेचा झेंडा. "इंपोर्टेड पीस आहे साहेब, तिकडच्या मार्केटसाठी बनवलेला," असं दुकानदारानं आवाज खाली आणून सांगितलं. तिकडच्या मार्केटमधून तो इकडे का आला, हे मी विचारलं नाही. एक हजार नऊशेला मिळणाऱ्या वस्तूचा भूतकाळ विचारू नये.

राहता राहिलं फिटिंग. एका दुकानातून सेट घेऊन दुसऱ्या दुकानात बसवायला न्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि सहाशे रुपये वाचतील तर वाचवावेत असा विचार माझ्या मनात यायला रविवार सकाळ पुरते. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हसतमुख होता, त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हरांचा अख्खा संच होता, आणि त्याची गाडी दुसरीच होती. तो डॅशबोर्डची चौकट दोन बोटांनी ओढायचा आणि ती अलगद हातात यायची. मी ओढली तेव्हा आधी तीन क्लिप तुटल्याचा आवाज आला, मग चौकट आली, आणि तिच्यामागोमाग गडगडत डायनासोर बाहेर आला. चिरंजीव आता अकरावीत आहेत. त्यांनी तो ओळखला नाही.

आत वायरींचं जंगल. स्टिरिओच्या मागून निघणाऱ्या वायरींचे रंग ठरलेले असतात : पिवळी थेट बॅटरीची, ती चोवीस तास चालू, तिच्यावर स्टिरिओची स्मरणशक्ती, लाल किल्लीची, किल्ली फिरवली की जागी होणारी, काळी अर्थ, निळी अँटेनाची, आणि पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा स्पीकरच्या जोड्या, त्यातल्या काळी रेघ असलेल्या वजा बाजूच्या. हे सगळं मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. गाडीच्या बाजूनं येणाऱ्या वायरींचे रंग मात्र गाडीच्या कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलेले असतात, ही गोष्ट त्या व्हिडिओत होती, पण नेमकं तेव्हा हिनं चहा आणून दिला. तोंडात टॉर्च, मांडीवर कागद, पोटाखाली गिअर अशा अवस्थेत मी रंगाला रंग जुळवत गेलो. जे रंग जुळले नाहीत त्यांना मी जवळचा रंग दिला. वर काळ्या चिकटपट्टीचे वेढे दिले.

किल्ली फिरवली आणि सेट लागला. पडद्यावर निळ्या अक्षरांत अमेरिकेनं आमचं स्वागत केलं. मी वर बघितलं, तर आतला दिवा गेला होता. तो पुन्हा लागला नाही, कारण त्याचा फ्यूज माझ्या तिसऱ्या जोडणीत शांतपणे उडाला होता. फ्यूज बदलला. दिवा आला. पण आता एक नवीच खोड दिसली : किल्ली काढली की स्टिरिओ सगळं विसरायचा. घड्याळ बारावर, आवाज कंपनीनं ठरवून दिलेल्या पट्टीवर, भाषा इंग्रजी. रोज सकाळी किल्ली फिरवली की तो मला नव्यानं भेटायचा आणि पार्किंगभर ऐकू जाईल अशा आवाजात नव्यानं स्वागत करायचा. त्याशिवाय इंजिन सुरू झालं की स्पीकरमधून एक बारीक शिट्टी निघायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची. थर्ड कधी टाकायचा हे आता मला त्या शिट्टीवरून कळू लागलं. चिरंजीवांचं काम गेलं.

पेनड्राइव्हवर मी नाट्यसंगीत भरून आणलं होतं, फायलींची नावं शुद्ध मराठीत, अनुक्रमे. अमेरिकन पीसला देवनागरी येत नव्हती. पडद्यावर प्रत्येक पदाच्या जागी एका ओळीत चौकोन, गायकाच्या जागी चौकोन, नाटकाच्या जागी चौकोन. शिवाय गाणी माझ्या अनुक्रमानं नव्हे, तर पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं उतरली त्या क्रमानं लागायची, त्यामुळं भैरवी पहिली आणि नांदी शेवटी. आपल्याला काय, आपल्याला रेडिओ ऐकायचाय, अशी मी समजूत घातली आणि रेडिओ लावला.

९१.१ आलं. ९३.५ आलं. ९८.३ आलं. जिथं जावं तिथं कुणीतरी भल्या पहाटे कमालीचं खुशीत होतं. मी बटण दाबत पुढं गेलो. १००.७. १००.९. १०१.१. मागं आलो. १००.९. पुन्हा पुढं. १०१.१. मधे १०१ नव्हतंच. १००.९ वर खरखरीमागून एक ओळखीचा आवाज यायचा, १०१.१ वरही तोच यायचा, पण दोन्हीकडे बाई रुमाल तोंडावर धरून गायल्या असाव्यात असं वाटायचं. मग मी मध्यम लहरींवर गेलो. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ मला लहानपणापासून पाठ आहे. सेटवर ७९० होतं आणि त्यानंतर थेट ८००.

सोसायटीतल्या जाणकारांनी निदान केलं, अँटेना. मी अँटेना बदलली. फरक पडेना तेव्हा अँटेनाला बूस्टर लावायचं ठरलं, त्या बूस्टरला वीज द्यायला ती निळी वायर लागते, आणि माझ्या जोडणीत निळी वायर नेमकी कुठं गेली होती हे शोधायला पुन्हा डॅशबोर्ड उघडावा लागला, त्यात उरलेल्या क्लिपही गेल्या. बूस्टर लागला. ९१.१ दुप्पट खुशीत आलं. आता वाचवलेले सहाशे रुपये धरून माझा एकूण खर्च नाना पेठेतल्या अंदाजपत्रकाच्या पुढं गेला होता.

तेव्हा मात्र गेलो नाना पेठेत. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, सुटलेल्या चौकटीला मी लावलेल्या चिकटपट्टीकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता आतल्या मुलाला हाक मारली. वीसएक वर्षांचा पोरगा, कानामागे टेस्टर, हातात पकड. माझं वायरिंग त्यानं बराच वेळ नुसतंच न्याहाळलं.

"कुणी केलंय हे?"

"आमच्या ओळखीचा एक जण आहे," मी म्हणालो.

"त्याला पुन्हा देऊ नका."

त्यानं टेस्टर लावून पिवळी आणि लाल अदलाबदल करून दिली. स्टिरिओची स्मरणशक्ती किल्लीच्या वायरीवर टांगली होती, म्हणून तो रोज सकाळी कोरा व्हायचा. अर्थची काळी वायर मी रंगाच्या थराखालच्या स्क्रूला जोडली होती. त्यानं पान्यानं रंग खरवडला, उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळला, आणि शिट्टी गेली. शेवटी हात पुसत त्यानं विचारलं, "साहेब, तुम्हाला नक्की ऐकायचंय काय?"

इतक्या सल्लागारांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला. मी आजूबाजूला कुणी नाहीसं बघून हळूच सांगितलं, "एकशे एक."

"मग आधी बोलायचं ना." त्यानं सेट बंद केला, गोल बटण दाबून धरलं, कुठल्यातरी आतल्या मेन्यूत शिरला. तिथं लिहिलं होतं : एरिया, यूएसए. अमेरिकेत एफएमची स्टेशनं दशांश चिन्हापुढं विषम आकडा असलेल्याच जागांवर बसवतात आणि मध्यम लहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झची पावलं टाकतात. आपल्याकडे ती नऊ-नऊची असतात. ९१.१, ९३.५ आणि ९८.३ योगायोगानं विषमात बसत होती. १०१.० सम. एवढ्या एका शून्यासाठी मी अँटेना घेतली होती. पोरानं बटण एक घर फिरवलं, एशिया आलं, १०१.० आलं, आणि नाना पेठेच्या त्या बोळात, दोन हातगाड्या आणि एक टेंपो अडवून उभ्या असलेल्या आमच्या गाडीत, एक जुनं गाणं अंतऱ्यापासून सुरू झालं. टेंपोवाला हॉर्न वाजवायचा थांबला नाही, पण मला तो ठेक्यात वाटला.

"याचे किती?"

"रेडिओचे काय पैसे घ्यायचे, साहेब?" वरती त्यानं आपणहून ब्लूटूथही जोडून दिलं. माझा फोन डिस्चार्ज झाला होता म्हणून शेजारच्या सीटवर ठेवलेल्या हिच्या फोनशी.

घटना दुसऱ्या दिवशीची. सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसलो, किल्ली फिरवली. घड्याळ बरोबर, आवाज बेताचा, १०१.०. निवेदिकेनं गाण्याचं नाव सांगितलं, सतारीचा तुकडा झाला, आणि मुखडा सुरू होणार तोच रेडिओ गप्प झाला आणि चारही स्पीकरांतून आमच्या सासूबाई म्हणाल्या :

"तसे माणूस म्हणून वाईट नाहीत गं जावईबापू, पण हिशेब नाही."

आमचं घर पार्किंगच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. ही गॅलरीत उभी राहून सांगलीला आईशी बोलत होती. ब्लूटूथचा पल्ला दहाएक मीटर. गाडीनं किल्ली फिरताच ओळखीचा फोन हुंगला आणि चालू असलेलं बोलणं मायेनं खाली ओढून घेतलं. वरती हिला आईचा आवाज येईना, आणि आईला हे कळायला मार्ग नव्हता, की आपण आता मुलीशी नाही, तर प्रकरणातल्या मुख्य आरोपीशी बोलतोय.

मी आवाज बारीक करायला बटण फिरवलं. ते उलट्या दिशेला फिरलं. वॉचमन खुर्ची घेऊन जवळ आला.

"हॅलो? गप्प का झालीस?" सासूबाई.

फोन बंद करायचं बटण कुठलं हे मला माहीत नव्हतं, आणि थोरामोठ्यांचं बोलणं मधेच तोडायची आमच्या घरात पद्धत नाही. मी बारीक आवाजात म्हणालो, "हं."

"घसा बसलाय का तुझा?"

"हं."

"काढा घे. तर मी काय म्हणत होते, पाच हजारांचे स्पीकर आणि एक हजाराची अँटेना लावून माणूस ऐकतो काय, तर रेडिओ! अगं, आपल्या माळ्यावर बाबांचा ट्रान्झिस्टर पडून आहे. तोच सीटवर ठेवला असता तर नसता का वाजला?"

सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन जाता जाता थांबले. तळमजल्यावरच्या वहिनी दारात आल्या. 'बरोबर आहे' असं कुणीतरी म्हणाल्याचं मी ऐकलं. आवाज खणखणीत येत होता, शिट्टीचा मागमूस नव्हता, पंच तर विचारूच नका. दुकानदारानं सांगितलेले वीस-बावीस वॅट त्या सकाळी पुरेपूर वसूल झाले. उलट खोक्यावरच्या पन्नासांत थोडंफार तथ्य असावं, असं मला प्रथमच वाटलं.

तेवढ्यात ही गॅलरीतून वाकली. "अहो! आईचा फोन कट झाला वाटतं. तुमच्या फोनवरून लावून देता का जरा?"

गाडीतला माइक चांगल्या प्रतीचा असावा, कारण सासूबाई एकदम थांबल्या.

"अगं, तू तिकडं लांबून ओरडतेस," त्या म्हणाल्या, "मग इथं मघापासून हं हं कोण करतंय?"

सगळं पार्किंग माझ्याकडे बघत होतं. मी घसा साफ केला आणि जमेल तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो, "हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे."